डोंगरातल्या घराची वही

कुऱ्हाडीचा दांडा दुसऱ्यांदा बसला आणि रान्वेगचं उजवं मनगट काटकीसारखं मोडलं.

“आता लिहा, लेखिकाबाई!” तोंडावर लोकरी टोपी ओढलेला धिप्पाड माणूस म्हणाला. “खाणीचा गाळ खाडीत पडतो म्हणून गळा काढताय. खाण बंद पडली तर आमची पोरं काय खाणार? तुमची पुस्तकं?”

“मासे खातील,” ती जमिनीवरून म्हणाली. “उरले तर.”

त्याने बरगडीत लाथ घातली. दुसरा टोपीवाला तिचे कागद शेगडीत कोंबत होता. तीन हिवाळे हिंडून गोळा केलेल्या कोळ्यांच्या साक्षी. सोमवारी कोर्टात द्यायच्या होत्या.

“बस कर, मरेल ती!” शेवटी हा दुसराच ओरडला. दोघं निघून गेले.

रान्वेगने डाव्या हाताने फोन लावला. तासाभरात बर्फगाडीवरून गुनवोर आली. खालच्या गावात पोलीस म्हणून ती एकटीच. तिने आधी फळकुट लावून मनगट बांधलं.

“चेहरे दिसले?”

“डोळे तेवढे.”

“नुसत्या डोळ्यांवर खटला उभा राहत नाही गं.”

“म्हणजे सुटले मेले!” रान्वेगला रडू फुटलं, दुखण्यापेक्षा संतापाने.

गुनवोरने टेबलावरची वही ओढली. डोंगरातल्या या घरांना कुलूप नसतं. आत येणारा नाव, वेळ आणि पुढे कुठे जाणार ते लिहितो, म्हणजे वादळात हरवलेल्याला कुठे शोधायचं ते कळतं. लहानपणापासून हात इतका सवयीचा होतो की मुडदा पाडायला आलेलाही लिहून जाईल.

रान्वेग अकराला पोचली होती; वहीत लिहिण्याआधीच दांडा बसला होता. शेवटची नोंद पावणेदहाची होती : ‘ओस्मुंड आणि एक सोबती. बर्फ भुरभुरतंय. पुढे : परत गावात.’

वाट बघता बघता त्याने लिहून टाकलं होतं. गुनवोरने ते नाव पुन्हा वाचलं. आईबाप गेल्यावर याच ओस्मुंडने, तिच्या थोरल्या भावाने, तिला वाढवलं होतं.

“कुणाचं नाव आहे?” रान्वेगने विचारलं.

गुनवोरची नजर शेगडीकडे गेली. तिथे अजून निखारे होते आणि पान फाडायला क्षणही लागला नसता. रान्वेग तिच्या बोटांकडे बघत राहिली.

गुनवोरने पेन उचललं. भावाच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं, वेळ लिहिली. ‘पुढे’च्या रकान्याशी मात्र हात बराच वेळ अडला.

मग तिने लिहिलं : ‘खाली गावात. दादाला ताब्यात घ्यायला.’