एकेचाळिसावे घर

"आमच्यात? अगं, आमच्यात सुपारीचं खांड खाणारं बी कोण न्हाई!" बनुबाईने ठसकत सांगितले. ठसका लागायला कारणही तसेच होते. तिच्या चुलीवरच्या तव्यात मिश्रीसाठी तंबाखू भाजत होती आणि तिचा धूर रहिमतपूरच्या अर्ध्या गल्लीत पसरला होता.

शालनने रकान्यात 'नाही' लिहिले. तेही खोकत खोकत.

शालन त्या भागातली आशाताई. गेल्या महिन्यात कॉलेजच्या काही पोरांकडे नशेच्या गोळ्या सापडल्या आणि साताऱ्याहून फर्मान आले, घरोघरी जाऊन व्यसनांची पाहणी करा. बाकीच्या आशाताईंनी कपाळाला हात लावला. शालन मात्र खूश झाली. कोणाच्या चुलीवर काय शिजतंय, कोणाची सून कधी माहेरी गेली, हे कळल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे. आता तर सरकारच तिला विचारायला पाठवत होते.

बनुबाईचे हे चाळिसावे घर. नवऱ्याच्या दारूची, दिराच्या गुटख्याची बातमी बायका न विचारता देत. "आणि तुमाला?" म्हटले, की प्रत्येकीने काळे बोट पदराला पुसत "न्हाई" म्हणायचे. शालनलाही त्यात काही वावगे वाटले नाही. मिश्री लावणे म्हणजे दात घासणे. त्याला व्यसन कोण म्हणतो?

"आवं मावशी, आता आ करा. तोंड बगायचंय."

"का गं? म्हस इकत घ्याय आलीस व्हय?"

तोंडात तीन बोटे उभी मावतात का पाहायचे, मग टॉर्चने गालाची आतली बाजू. पांढरा चट्टा असेल आणि तो पुसून निघत नसेल, तर कॅन्सरच्या तपासणीसाठी दवाखान्याची चिठ्ठी द्यायची. असे प्रशिक्षणात शिकवले होते. निम्म्या बायकांनी लाजून तोंडच उघडले नव्हते आणि चिठ्ठ्यांचे पुस्तक पिशवीत कोरेच्या कोरे होते.

बनुबाईच्या तोंडात चार दात होते, बाकी सगळे स्वच्छ.

"बगितलंस? पन्नास वर्सं लावतीया. काय झालं?" तिने आधीच भाजून कुटलेली मिश्री शालनने कनवटीतून काढलेल्या डबीत भरली. "घे, ताजी हाय. आन आता तू आ कर."

"माजं काय बगायचं?"

"साऱ्या गावाचं बगत हिंडतीस की!" बनुबाईने टॉर्च हिसकावून घेतली.

शालनने हसतच तोंड उघडले. उजवा गाल झाला. डाव्या गालाशी बनुबाईचा हात थांबला.

"शाले, चुना खाल्लास व्हय?"

"न्हाई."

"मग ह्ये पांढरं काय?" तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळून आत घासले. पुन्हा जोरात घासले. "निगंना की गं."

शालनचे हसू मावळले. पुढे काय, हे तिला पाठ होते. ती घाबरली. जन्मात पहिल्यांदाच तिला काही जाणून घ्यावेसे वाटेना.

"काय आसतंय त्ये?" बनुबाईने हळूच विचारले.

"दाकवल्यावर कळंल."

"मग उद्या जाऊ साताऱ्याला. मी येती संगं." बनुबाईने तवा चुलीवरून उतरवला.

यादीतले पुढचे घर शालनचेच होते. घरात कोणी नव्हते. ती उंबऱ्याशी बसली, कागद मांडीवर घेतला आणि इतरांना विचारायची तशीच मोठ्याने म्हणाली, "घरात कुणाला काय व्यसन?"

'आहे. मिश्री.'

किती वर्षांपासून? बारा वर्षांची असताना दाढ दुखली म्हणून आईने बोटाने लावली होती. दाढ पडून गेली, मिश्री राहिली. तिने 'छत्तीस' लिहिले. मग पहिली चिठ्ठी फाडून तिच्यावर सुवाच्य अक्षरात स्वतःचे नाव घातले. बनुबाईच्या रकान्यातले 'नाही' खोडले. उद्या दवाखाना झाला, की बाकीच्या घरी पुन्हा जायचे होते.

चिठ्ठी पिशवीत ठेवेपर्यंत तिचे बोट आपोआप कनवटीला गेले. तिने डबी बाहेर काढून उंबऱ्यावर ठेवली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून तिच्याकडे बघत बसून राहिली.