पहिल्या ओळीच्या खाली

मी एक जुना संगणक आहे. रिठदच्या वाचनालयात खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम. आता पंखा घरघरतो, रंग पिवळा पडलाय. पण मित्रांनो, मला रिसोडहून जीपमध्ये मांडीवर घेऊन आणलं, तेव्हा अर्धं गाव पाहायला जमलं होतं.

माझे खरे सोबती पुंजाजी, सगळ्यांचे आबाजी. टंकलेखनात उभी नोकरी काढलेला हा माणूस निवृत्तीनंतर म्हाताऱ्या बायांना माझ्यासमोर बसवून त्यांच्या आठवणी टिपून घेई. बोटं टाइपरायटरवर घडलेली. ओळ मी आपोआप वळवतो, हे त्यांना पटलंच नाही. वाक्य संपलं किंवा ओळ भरली की एंटर दाबून ते खाली उतरत. बोलता बोलता एखादी रडे, आणि आबाजी चष्मा पुसत बसत. फार चांगले दिवस होते ते.

पुढे आबाजींची नजर गेली. नोंदी भरायची माझ्या पडद्यावरची जुनी चौकटही बिघडली. डेटाबेसला, म्हणजे नोंदींच्या साठ्याला, काही विचारलं की उत्तर एका तक्त्यात दिसे, तेवढंच उरलं.

यंदा नवा संगणक आला. मला पुसून भंगारात द्यायचं ठरलं. त्याआधी अंजना आली. तिची माय सीताबाई गेल्या वर्षी वारली, आणि मायचं बोलणं तिच्याकडे कुठेच उरलं नव्हतं, फोनमध्येसुद्धा नाही. तक्त्यात सीताबाईंच्या नावापुढे एवढंच दिसलं: माह्यं माहेर केनवड.

"माय दुपारभर बोलली होती," अंजना म्हणाली. "अन् तुमी एवढंच लिवलं, आबाजी?"

"सारं लिवलं वं बाई," आबाजी म्हणाले. पण त्यांनाही स्वतःचा भरवसा वाटेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं माझ्या पोटात होतं, आणि दाखवत मात्र मी एकच ओळ होतो.

वाचनालय सांभाळणारी प्रियदर्शनी मोठी चिवट. तिने मला विचारलं, या नोंदीत अक्षरं किती? मी सांगितलं, दोन हजार एकशे चाळीस. पडद्यावर तर वीसही नव्हती.

"आबाजी, ओळ सरली का काय करत होते तुमी?"

"एंटर दाबो. खाली याले."

तिथेच गोम होती. तक्ता प्रत्येक नोंदीला एकाच ओळीची जागा देत होता. बाकीच्या ओळी खाली दडून बसल्या होत्या. तिने ती नोंद सगळ्या ओळी मावतील अशा दुसऱ्या चौकटीत उघडली आणि वाचू लागली.

"अंजना झाली तवा मी वांग्याच्या वावरात होती. पोरगी झाली म्हून लोकायनं तोंडं पाडली. मीनं गूळ वाटला."

अंजनाला हे कधी कोणी सांगितलं नव्हतं. "अजून एकडाव वाच," ती म्हणाली.

साठ बायांचं बोलणं आता नव्या संगणकात अख्खं गेलंय. मी उद्या भंगारात जाईन, त्याचं फारसं वाईट वाटत नाही. मित्रांनो, मागणं एवढंच: पुसायच्या आधी मोजून पाहा. आणि लिहिणारा माणूस जवळ असेल, तर माझ्या पडद्याकडे बोट दाखवून त्याला खोटं पाडू नका.