काचेवरचा डाग

क्रेनवाल्याने गॉगल काउंटरवर ठेवला आणि एका बोटाने तिच्याकडे सरकवला.

"डाग जात नाही, ताई. साबण लावून झाला, मिठाचं पाणी लावून झालं. ढिम्म."

मालक जेवायला घरी गेले होते, म्हणून तिला मागच्या खोलीतून हात पुसत पुढे यावं लागलं होतं. एरवी तिचं काम मागेच. उकळत्या रंगाच्या भांड्यात चष्म्याच्या काचा बुडवायच्या, मोजून काढायच्या, उजेडात धरायच्या, पुन्हा बुडवायच्या. अठरा वर्षं. दुकानात तिला रंगारीण म्हणत. या अठरा वर्षांत बोटांच्या टोकांची कातडी अशी मेली होती, की शिवताना सुई टोचली तर कापडावर रक्त उमटल्यावरच तिला कळायचं.

"हा आमच्याकडचा नाही," ती म्हणाली.

"मग हे फडकं कुणाकडचं?" त्याने खिशातून पिवळं फडकं काढून काउंटरवर पसरलं. कोपऱ्यात दुकानाचं नाव छापलेलं होतं. "बंदुकीबरोबर आलं. बंदूक एक नंबर हो, तक्रारच नाही. गॉगल तेवढा डागी निघाला."

उचलायच्या आधीच तिने तो ओळखला होता. नारिंगी रंग तिच्याच हातचा. दुकानासाठी नाही, घरासाठी चढवलेला. मालक गेल्यावर, मालकाच्या भांड्यात, मालकाच्या रंगात. फडकीसुद्धा तिनेच गठ्ठ्यातून उचललेली. याला चोरी म्हणतात हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. मालक तिला रोज दोन तास फुकट थांबवून घ्यायचे, त्याला काय म्हणतात हेही तिला ठाऊक होतं.

घरी नवरा बंदुका बनवायचा. पोटापाण्यासाठी तो प्रोजेक्टर दुरुस्त करायचा. जे दुरुस्तीपलीकडे गेले त्यांच्यातले लेझर काढून टीव्हीवरच्या एका जुन्या अंतराळमालिकेतल्या बंदुकांत बसवायचा. नळी, मूठ, बाजूचे दिवे, सगळं मालिकेबरहुकूम. फरक एवढाच, की मालिकेतल्या बंदुकीने काही जळायचं नाही. याच्या बंदुकीने फुगा फुटायचा, काडी पेटायची. गल्लीत त्याला सेनापती म्हणत, आणि म्हणताना हसत. प्रत्येक बंदुकीबरोबर एक गॉगल आणि एक फडकं जायचं.

पहिल्या बंदुका निळ्या उजेडाच्या होत्या. नारिंगी काच निळा उजेड गिळते. दोघांनी टेबलावर उजेड मोजायचा मीटर ठेवून, मध्ये काच धरून ते बघितलं होतं. आकडा शून्यावर आला तेव्हा दोघंही हसली होती. एकत्र शेवटचं कधी हसलात, असं कुणी विचारलं असतं तर तिने तोच दिवस सांगितला असता. मग गिऱ्हाइकांना हिरवा उजेड हवा झाला, कारण मालिकेत तो हिरवा होता. त्या नारिंगी काचेतून हिरवा ठिपकाही जवळजवळ विझायचा. दिसत नाही म्हणजे अडला. मीटर पुन्हा कुणी मध्ये ठेवलाच नाही.

"घाला बघू," ती क्रेनवाल्याला म्हणाली. "कुठे दिसतो?"

त्याने हातातलं पिवळं हेल्मेट खाली ठेवलं, गॉगल चढवला आणि डावा डोळा मिटला.

"हा काय. मधोमध. तुमच्या नाकावरच बसलाय आत्ता."

"डावा का मिटलात?"

"नेम धरताना मिटतो ना, सवय लागली." तो ओशाळला. "दिवसभर एकशे दहा फुटांवर एकटा बसतो, ताई. खाली उतरल्यावर माणसांशी बोलायला जमत नाही पटकन. घरी जाऊन स्टीलच्या ताटासमोर फुगे ठेवतो नि फोडतो. बायको म्हणते, दारू पिण्यापेक्षा बरं."

तिने गॉगल काढून घेतला. ट्यूबलाइटखाली धरला, तिरका धरला, भिंगाखाली धरला. काच धुतल्या तांदळासारखी होती.

तिने ती तरीही पुसली. दोनदा. मग गॉगल त्याला परत न देता मुठीत ठेवला.

"आता नुसत्या डोळ्यांनी बघा. डावा डोळा हाताने झाका. त्या घड्याळात किती वाजले?"

त्याने भिंतीकडे बघितलं आणि हसला.

"काय ताई, दुकान डोळ्यांचं आणि घड्याळाला काटे नाहीत?"

"दुसरा डोळा झाका."

"दोन वीस." हसू त्याच्या तोंडावर तसंच राहिलं. "आले की काटे."

मग त्याने पुन्हा डावा झाकला. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि कपाटातल्या फ्रेमा किणकिणल्या.

"दुखलं होतं का?" तिने विचारलं.

"कधी?"

"कधीही."

"छे. दुखलं असतं तर कळलं नसतं का?"

डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखत नाही. तो जळतो आणि गप्प राहतो. तिला हे दुकानातल्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. आणखी एक गोष्ट कळली होती, जी इथे रस्त्यावरच्या प्रत्येक गॉगलवाल्याला शिव्या घालताना मालक सांगायचे: नुसती रंगवलेली काच झगमगाट अडवते, ऊन अडवत नाही. उलट तिच्याआड अंधार झाला म्हणून बाहुली मोठी होते, आणि जे शिरायचं ते सगळं आत शिरतं. त्यापेक्षा उघडा डोळा बरा. अठरा वर्षं ऐकत होती. घरचे गॉगल रंगवताना त्यातलं एक अक्षर तिला आठवलं नव्हतं.

"दादा, आज क्रेनवर चढू नका. इथून थेट डोळ्यांच्या रुग्णालयात जा. उद्या नाही, आत्ता."

"जाईल ना पण हा?"

"डॉक्टर सांगतील."

दुकानात सगळे हेच म्हणत. अंगावरचं घोंगडं झटकायचं वाक्य होतं ते, आणि ते तिच्या तोंडून विनासायास बाहेर पडलं.

"त्यांना काय सांगू? काय झालं म्हणून?"

बांधकामावर रोज वेल्डिंग चालतं. ठिणगीकडे बघत राहिलो म्हणून सांगा, असं ती म्हणाली असती तर त्याने तसंच सांगितलं असतं. वाक्य जिभेवर येऊन बसलं होतं.

"बंदुकीचं सांगा," ती म्हणाली. "हिरवी होती म्हणावं, आणि गॉगल घातला होता." तिने एका कोऱ्या पावतीच्या मागे स्वतःचं नाव आणि घरचा पत्ता लिहिला. "गॉगल कुणी रंगवला विचारलं तर हे दाखवा."

"तुम्ही कशाला यात पडता उगाच?"

"मी आधीपासून आहे यात."

त्याने चिठ्ठी घडी न करता हेल्मेटात टाकली. दारापर्यंत जाऊन वळला.

"गॉगल बदलून द्याल ना पण?"

तिने मान हलवली. हो की नाही, हे तिचं तिलाही कळलं नाही.

तो गेल्यावर काउंटर पुसायला तिने पर्समध्ये फडकं शोधलं. नव्हतं. सकाळी दोन होती. ती दोन्ही नवऱ्याने घराबाहेर पडता पडता काढून घेतली होती, गॉगल पुसायला. महिनाभरात ही त्याने नेलेली नववी का दहावी.

ती पर्समध्ये हात घालून तशीच उभी राहिली. मागच्या खोलीत रंग उकळून भांड्याबाहेर सांडला, त्याचा वास आला तेव्हा हलली.

घरी जाताना तिने कोपऱ्यावरून एक सेल घेतला. नवरा यायचा होता. सासूबाई जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात भाजी निवडत होत्या. बाकी टेबल नळ्या, तारा आणि स्क्रूंच्या डब्यांनी भरलेलं. ती स्टुलावर चढली, भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ उतरवलं, त्यात सेल घातला, मोबाइल बघून काटे लावले आणि घड्याळ जागेवर अडकवलं. नवऱ्याच्या खुर्चीच्या बरोबर पाठीमागची भिंत होती ती.

"आज सूर्य कुठून उगवला?" सासूबाई म्हणाल्या. "आठ महिने कंठशोष करतेय. चार दहा, चार दहा. घरात तोफखाना आहे पण घड्याळात सेल नाही. आणि तोफखाना तरी कसला मेला, एक झुरळ मरत नाही त्याने."

ती हसली नाही. सासूबाईंनीही अपेक्षा ठेवली नव्हती. भाजी घेऊन त्या आत टीव्हीसमोर गेल्या.

मग तिने नवऱ्याच्या खणातली काडेपेटी काढली. आतमध्ये काचेचे इवलेसे चौकोनी तुकडे होते, साखरेच्या दाण्यांएवढे. मागे एकदा तिने विचारलं होतं, हे काय. अडथळे, तो म्हणाला होता. हिरव्याच्या पोटात एक न दिसणारा उजेड असतो, तो अडवून धरतात. हे काढून टाकले की मीटरचा आकडा दीडपट. तेव्हा ती डाळीला फोडणी देत होती. बरं, म्हणाली होती. न दिसणारा उजेड नारिंगी काचेला अडतो का, हे तिने विचारलं नव्हतं.

तिने ते तुकडे तळहातावर ओतले. बारा. अकरा हिरव्या बंदुका गेल्या होत्या. बारावी खोक्यात, चिकटपट्टी लावून तयार.

तो आला, हातपाय धुतले, बनियनवर येऊन बसला. घड्याळाकडे पाठ करून. गॉगल उचलला, बनियनच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर धरून बघितला, पुन्हा पुसला.

"रंग जरा लक्ष देऊन लावत जा," तो म्हणाला. "डाग राहतो तुझ्या काचांना."

"सगळ्याच?"

"सगळ्याच."

तिने बाराव्या खोक्याची पट्टी ओढून तोडली. आतल्या गॉगलचं पाकीट फाडलं.

"हा घालून बघा. याला अजून हवाही लागलेली नाही."

त्याने घातला. डावा डोळा मिटला.

"यालाही आहे," तो म्हणाला. "खोकं कशाला फोडलंस?"

"एक जण आला होता दुकानात. क्रेन चालवतो. त्यालाही काचेत डाग दिसतो. काचेत नाहीये तो. उजव्या डोळ्याने त्याला घड्याळाचे काटे दिसत नाहीत."

त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि आधीच घट्ट असलेला एक स्क्रू आणखी आवळायला घेतला.

"बघत बसला असेल ठिपक्याकडे, गाढव. सूचना छापून दिल्यात आपण."

"सूचनेत छापलंय, गॉगल घाला. त्याने घातला होता."

स्क्रू फिरत नव्हता. तो फिरवत होता.

"पत्त्यांची वही द्या. अकरा जणांना कळवायचंय. क्रेनवाल्याला धरून."

"माझे डोळे ठीक आहेत," तो म्हणाला.

त्याच्या डोळ्यांविषयी कुणी काही विचारलं नव्हतं.

ती उठली. त्याच्या मागे जाऊन तिने त्याच्या डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला. कितीतरी दिवसांत तिने त्याच्या चेहऱ्याला हात लावला नव्हता. दाढी वाढली होती. गॉगल काढून तिने टेबलावर टाकला आणि खांद्याला धरून त्याला खुर्चीत मागे वळवलं. तो वळला. नाही म्हणाला असता तर तिने काय केलं असतं, तिला माहीत नव्हतं.

"किती वाजलेत?"

त्याने वेळ घेतला नाही.

"चार दहा," तो म्हणाला. आवाजात जरा त्रासिक हसूही होतं. "त्यात काय विचारायचं? बंदच आहे की ते."

सेकंदकाटा बाराशी पोचला आणि पुढे सरकला. तिने हात काढला नाही.

आतून, उघड्या दारातून घड्याळाकडे बघत, सासूबाई ओरडल्या.

"अगं ए, तुझं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे हं! सात बत्तीस झाले म्हणे. माझी मालिका अजून लागली नाही."

त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. भिंतीकडे वळलेला उजवा डोळा तसाच उघडा राहिला. दुसऱ्याची पापणी तिच्या हाताखाली एकदा हलली आणि मिटली. बोटांना ते कळलं नसतं. तळव्याला कळलं.