चुकीच्या फोल्डरमधल्या नोंदी

तेजल तळेगावच्या एका लहान कंपनीत सॉफ्टवेअरची पॅकेजं तयार करायची. दवाखान्यांच्या कॉम्प्युटरवर कुठली फाईल कुठल्या फोल्डरमध्ये बसेल, हे तिच्या हातात असे. पॅकेज बाहेर पडण्याआधी एक आपोआप तपासणी चालायची. फाईल भलत्या जागी जात असली की इशारा यायचा. इशारे रोजच यायचे, आणि बहुतेक क्षुल्लक.

जानेवारीत असाच एक आला. पेशंटच्या नोंदी प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये जात होत्या, आणि तो फोल्डर दर अपडेटला पुसला जायचा. तेजलनं इशारा अर्धाच वाचला. मळवलीला घरी मावसबहिणीची हळद होती, लवकर निघायचं होतं. 'हा इशारा वगळा' अशी एक ओळ लिहून ती निघाली. ओळ तशीच राहिली. एप्रिलमध्ये पुढचं अपडेट गेलं, तेव्हा तपासणी गप्प बसली.

सोमवारी कामशेतच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून सारिका नर्सचा फोन आला.

"मॅडम, वाड्यावस्त्यांवर फिरून ज्यांचे डोळे तपासले त्यांची तीन महिन्यांची यादी दिसतच नाही."

दहा मिनिटांत तेजलला ती ओळ सापडली. शेजारी तिचंच नाव होतं. बॅकअपही त्याच फोल्डरमध्ये होता, तोही गेला होता.

तिचा वरिष्ठ निलेश तोवर फोन स्पीकरवर घेऊन बसला होता. "ताई, तुमच्याकडून काही डिलीट झालं का?" मग तेजलकडे बघत म्हणाला, "असं होऊ शकतं ना?"

"होऊ शकतं," तेजल म्हणाली.

मग सारिका म्हणाली, "माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल. सॉरी मॅडम."

बाकीच्या दवाखान्यांत अपडेट अजून पोचलं नव्हतं. तेजलनं ते थांबवलं, नोंदींची जागा बदलली, ती ओळ काढली. काय बदललं ते लिहायच्या रकान्यात तिनं 'किरकोळ सुधारणा' एवढंच लिहिलं. आठवडाभर तिला जेवण गेलं नाही. आईनं विचारलं तर ॲसिडिटी म्हणाली.

रविवारी ती कामशेतला गेली. यादी पुन्हा भरायला मदत करते, म्हणाली. सारिकानं तिला स्कूटरवर मागं बसवलं आणि पवनेच्या बाजूला नेलं. वाटेत सारिका सहज बोलावं तशी सांगत होती. डॉक्टरांनी सगळ्या स्टाफसमोर तिला उभं केलं होतं. यादी आता सुट्टीच्या दिवशी, स्वतःच पुन्हा करायची होती.

पहिलंच घर रखमाजी आबांचं होतं. सारिकानं भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला. आबांना वरचं मोठं अक्षरसुद्धा दिसेना.

"आबा, फेब्रुवारीत तुम्हाला तीन ओळी दिसल्या होत्या. मी तुमचं नाव एप्रिलच्या ऑपरेशनच्या यादीत वर घातलं होतं."

"फोनची वाट बघितली की," आबा म्हणाले. "आला न्हाई. मला वाटलं, गरज नसंल. म्हाताऱ्याला कशाला नेत्यात."

तेजल पेन घेऊन बसली होती. तिला नाव लिहिता येईना.

"सारिकाताई, तुम्ही काही दाबलं नव्हतं," ती म्हणाली. "नोंदी चुकीच्या जागी जात होत्या. मला इशारा आला होता, मीच तो बंद केला. त्या दिवशी फोनवर मला माहीत होतं."

आबांना काही कळलं नाही. त्यांनी चहा टाकायला सुनेला हाक मारली.

"फोनवर माहीत होतं?" सारिकानं विचारलं.

"हो."

"आणि मी तुम्हाला सॉरी म्हणाले." सारिकानं तक्ता काढून गुंडाळला. "मला नका सांगू आता. जिथं मला उभं केलं, तिथं येऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी तेजलनं डॉक्टरांच्या आणि स्टाफच्या पुढं सगळं सांगितलं. ऑफिसात 'किरकोळ सुधारणा' खोडून तिनं काय झालं ते नावानिशी लिहिलं आणि सगळ्या दवाखान्यांना पाठवलं. पॅकेजं पाठवायचं काम निलेशनं सहा महिन्यांसाठी तिच्याकडून काढून घेतलं.

रखमाजी आबांचं ऑपरेशन मे महिन्यात झालं. एका डोळ्याला बऱ्यापैकी दिसायला लागलं, दुसऱ्याला उशीर झाला होता. जुन्या यादीत किती नावं होती ते सारिकाला पाठ होतं; त्यातली अकरा माणसं तिला अजून आठवलेली नाहीत. पुढचे चार रविवार तेजल तिच्यासोबत वस्त्यांवर फिरली. सारिका घराचं नाव सांगायची, तेजल लिहून घ्यायची. दुसरं काही बोलणं होत नव्हतं, आणि तेजलनं ते मागितलंही नाही.