नितीनची माशी

माझा भाऊ नितीन माश्यांचे फोटो काढायचा. आमच्या सायवन गावात माणसांचे फोटो निघतात ते लग्नात, आणि हा परसात उकिडवा बसून माशीच्या तोंडापुढे मोबाईल धरायचा. मी त्याला माशीमास्तर म्हणायचे. तो चिडायचा नाही, याचाच मला राग यायचा.

घड उतरवलेल्या केळीचा एक बुंधा परसात कुजत पडला होता. त्यावर एक बारकी काळी माशी यायची, पुढचे पांढरे पाय हवेत नाचवत चालायची. बाकीच्या माश्यांची नावं नितीनने मोबाईलवरच्या कीटक ओळखणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये विचारून मिळवली होती. हिचं मात्र कोणी सांगेना. "नाव कळलं की पहिलं तुला सांगेन," म्हणायचा. आई बुंधा फेकायला निघाली की आडवा यायचा. वास मलाही सहन व्हायचा नाही, पण मी त्याचीच बाजू घ्यायचे.

२०१८च्या दिवाळीनंतर तलासरीजवळ हायवेवर ट्रकने त्याची मोटारसायकल उडवली. नितीन जागीच गेला. मोबाईल घरी चार्जिंगला होता, तेवढा राहिला.

बाराव्याला भाऊबंद जमले. बायकांनी घर सारवलं, पुरुषांनी परस साफ केलं. सुतक फिटायचं तर दारात कुजकं काही ठेवत नाहीत. शुक्राकाकाने तो बुंधा कोयत्याने तोडून पालापाचोळ्यात जाळला. ओला होता, संध्याकाळपर्यंत धुमसत राहिला. मी आत आईला धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी मोबाईल वाजला. ग्रुपमधल्या पुण्याच्या सरांचा मेसेज होता, नितीनच्या नावाने. 'ही माशी आमच्यापैकी कोणीच पाहिलेली नाही. फोटोत पंखांच्या शिरा दिसत नाहीत, त्यामुळे नाव सांगता येत नाही. एक तरी माशी पकडून पाठव. तो बुंधा हलवू नकोस, ती त्यातच वाढत असेल.'

मी धावत परसात गेले. सगळं लख्ख झाडलेलं होतं, कोपऱ्यात राख. मी सरांना सगळं कळवलं. त्यांनाही वाईट वाटलं. नितीनने काढलेल्या फोटोखाली त्यांनी 'ओळख पटली नाही' असं लिहिलं.

शुक्राकाकाला काय बोलणार? पुतण्यासाठीच केलं त्याने. त्याच्यावर रागावता येत नाही आणि राग काही जात नाही.

मी दुसरी केळ तोडून तिचा बुंधा त्याच जागी कुजायला टाकला. आईला सगळं सांगितलं. वर्ष होत आलं. त्यावर नाही नाही त्या माश्या येतात. ती येत नाही.

हल्ली ताटावर माशी बसली तरी आई लगेच हाकलत नाही. घास हातात तसाच धरून विचारते, "बघ गो सुषमा, हीच का त्याची?"

मी वाकून बघते. "नाय, आई."

मग ती माशी हाकलते आणि जेवते.