भुऱ्याची भाकर

अंबाबाईनं वाटीतल्या तपकिरी गोळ्या उकिरड्यावर पालथ्या केल्या. सुनेनं, करिष्मानं, उरवड्याच्या कंपनीतून सुटल्यावर वाट वाकडी करून हे कुत्र्याचं महागाचं खाणं आणलं होतं. पण कुणाचं ऐकेल तर ती अंबाबाई कसली!

भुऱ्या दारात पडून होता. महिन्यापूर्वी अंबाबाईचा नवरा धुळा गेला आणि मेंढरांमागं उन्हातान्हात पळणाऱ्या या कुत्र्यानं अन्न जवळजवळ सोडलंच. असंच चाललं तर तो जगायचा नाही, असं जनावरांच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. गोळ्याही त्यांनीच सुचवल्या होत्या.

"डॉक्टर काय येडा हाय, आत्या?" करिष्मा भडकली. "कुत्र्यासाठीच करत्यात त्या."

"कुत्र्याचं येगळं आन् माणसाचं येगळं, हे आपल्यात कवापासनं?" अंबाबाईनं पाकिटातली एक गोळी दाताखाली धरली आणि थुंकून टाकली. "थू! जे माझ्या तोंडात जात न्हाई, ते ह्येच्या तोंडात कशाला घालू? आपल्या भाकरीवर वाढलाय त्यो. मरंल तर भाकर खाऊनच मरंल."

तिनं तव्यावरची भाकर मोडून त्याच्यापुढं ठेवली. भुऱ्यानं ती हुंगली, अंबाबाईच्या तोंडाकडं बघितलं आणि मान परत पायांवर टाकली. रोज हेच चाललं होतं.

"तुमच्या तोंडात तरी काय जातंय?" करिष्माचा आवाज चिरकला. "मामा गेल्यापासनं नुस्ता च्या. आमाला वाढताय आन् आपलं ताट मेंढरांम्होरं वतताय. मला दिसत न्हाई व्हय?"

"माझं मी बघीन."

"बघा की! मामा रानात आधी आपण घास घ्यायचे, मग ह्येला टाकायचे. घास देणाऱ्यानं आधी खाल्ल्याबिगर ह्येनं कधी तोंड लावलंय? त्यो तुमच्यासाठी थांबलाय, आत्या."

"गप बस. लई शानी झालीस."

पण अंबाबाई तिथंच उंबऱ्यावर बसली. तिनं भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला. तो उतरेना. धुळ्याचा तिला भयंकर राग आला, रडूही आलं. दोन घोट पाण्याबरोबर तिनं तो घास खाली ढकलला आणि हातातला उरलेला तुकडा पुढं धरला.

भुऱ्यानं तो अलगद घेतला आणि खाल्ला.

"बघितलंस?" डोळे न पुसताच अंबाबाई ठसक्यात म्हणाली. "म्हनलं नव्हतं, भाकरच खाईल म्हणून?"

आणि पुढचा घास मोडून तिनं आधी आपल्या तोंडात घातला.