परशुरामचं जाळं

“पडवीतलं जालं कुठं हाय?”

डोक्यावरची रिकामी पाटी खाली ठेवायच्या आधीच जनीनं विचारलं. नामा जेवत होता. त्यानं मोठा घास तोंडात कोंबला, म्हणजे लगेच बोलायला नको. पण घास गिळायला असा किती वेळ लागणार?

“दिलं,” तो म्हणाला.

“कोनाला?”

“तिकडं ओरिसात वादल झालं ना. डोंबिवलीची बाई आलेली टेम्पो घेऊन. सगल्यांनी कायबाय दिलं. मी जालं दिलं.”

जनीनं पाटी हळूच जमिनीवर ठेवली. आदळली असती तर नामाला बरं वाटलं असतं. भांडणाऱ्या बाईला उत्तर देता येतं, गप्प बसलेल्या बाईला काय द्यायचं?

खाजणपाडा म्हणजे डोंबिवलीच्या बिल्डिंगा संपतात आणि तिवरं सुरू होतात तिथला कोळ्यांचा पाडा. चाळीस-पंचेचाळीस घरं, पुढ्यात खाडी, मागे रेल्वेचे रूळ. गेल्या साली नारळीपुनव होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा नामाचा थोरला भाऊ परशुराम खाडीत गेला. नवं कोरं नायलॉनचं जाळं सोडताना त्याचा पाय त्यात गुंतला, ओहोटीच्या ओढीनं जाळं निघालं आणि जाळ्यामागून परशुराम. होडीत दुसरा माणूस एकटा नामा. त्यानं कोयत्यानं जाळं कापून भावाला वर घेतलं, पण वर आलं ते नुसतं अंग. जनी परशुरामची बायको. मूलबाळ नव्हतं, ती तिथंच दिराच्या घरात राहिली, आणि मासळी विकून दिराच्या बरोबरीनं घर ओढू लागली.

माणूस घेतलेलं जाळं पुन्हा पाण्यात घालायचं नाही, ही पाड्याची रीत. विकावं तर घेणार कोण, जाळावं तर जनी हात लावू देईना. ते पडवीत खुंटीला लटकून राहिलं. घरात शिरताना त्याच्याखालून वाकून जावं लागे. सव्वा वर्ष नामा वाकत होता आणि वाकताना डोळे मिटून घेत होता.

त्या सकाळी चित्राबाई आल्या. डोंबिवलीच्या शाळेतल्या मास्तरीणबाई, केस पिकलेल्या, बोलणं गोड. देवळापाशी सगळा पाडा गोळा झाला तेव्हा त्या म्हणाल्या, “कपडे, धान्य आम्ही शहरातून देतो आहोतच. पण ती माणसं तुमच्यासारखीच मासेमार आहेत हो. वादळानं त्यांचं घर नेलं आणि हातही नेले. जाळी कोण देणार त्यांना? ती तुम्हीच द्यायची.”

ऐन हंगामात जाळं कोण देतो? लोकांनी तांदूळ दिले, पातेली दिली, पाड्याचा म्होरक्या दामाजीनं दोराचं एक भेंडोळं दिलं. मग नामा उठला, घरी गेला, आणि खुंटीवरचं जाळं खांद्यावर टाकून घेऊन आला.

कुठलं जाळं ते अख्ख्या पाड्याला माहीत होतं. कोणी ब्र काढला नाही. दामाजी खाकरला आणि त्यानंच पहिली टाळी वाजवली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ही मूठ चाळीस घरांनी मिळून झाकली. चित्राबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी नामाचा जाळ्यासकट फोटो काढून घेतला. आणि नामाला, खरं सांगायचं तर, त्या वेळी लाज वाटली नव्हती. टाळ्या पडल्या तेव्हा त्याची छाती फुगली होती. पुढं त्याला सगळ्यात जास्त जाळलं ते ह्याच गोष्टीनं.

“वयनी, तिकडं धा-धा हजार मानसं मेली,” नामा ताटातच बघत म्हणाला. “मना वाटलं, पडून हाय तं कामाला यील.”

“तुना वाटलं इथून जाईल,” जनी म्हणाली.

तेवढ्यात दामाजी ओट्यावर येऊन बसला. कुठं बोलणं तापलंय हे त्याला वासावरून कळायचं.

“जने, झालं ते बेस झालं. इडा गेली पाड्यातून.”

“गेली कुठं काका? त्यांच्या गल्यात गेली.”

“त्यांना काय ठाव?”

“त्यांना नाय, आपल्याला ठाव हाय ना. आधीच दर्यानं त्यांची पोरंबालं नेली, वर आपन आपलं मेलेलं धाडायचं? आन काय सांगायचं, मदत म्हून?” मग ती नामाकडं वळली. “आन जालं कोनाचं व्हतं? माज्या मालकाचं. म्हंजे आता माजं. मना इचारलंस? हलवायाच्या घरावर तुलशीपत्र ठेवलंस आन टाल्या घेऊन आलास.”

नामानं ताट सारलं. “मंग काय करू सांग.”

“तुजं जालं त्यांना दे. ह्यांचं मागारी आन.”

“माजं दिलं तं खाऊ काय? हंगाम चाललाय.”

“तू नाय गेलास तं मी जाते. त्या बाईला समद्यांच्या पुढं सांगते कसलं जालं हाय ते. मंग तुजा फोटो लावू देत कुठं लावायचा तिथं.”

दामाजी उठला. पाड्याचं नाव मध्ये आलं की त्याला घरी काम आठवायचं. जाता जाता म्हणाला, “जाऊन ये बाबा. पन तिथं काय बोलू नको.”

नामानं स्वतःचं जाळं सायकलच्या कॅरियरला बांधलं. दोन सालं पै-पै साठवून घेतलेलं, त्याचं एकुलतं एक. पाड्यातून निघाला तर ओट्याओट्यावरून माणसं बघायला लागली. एक म्हातारी म्हणाली, “परत दान? आपला नामा कर्नाचा अवतार निघाला गो.” नामानं मान खाली घातली आणि पायडल मारलं.

शाळेच्या हॉलमध्ये कपड्यांचे डोंगर लागले होते. सोसायट्यांतल्या बायका साड्यांच्या घड्या करत होत्या. ट्रक सहाला निघणार होता. दुसरं जाळं बघून चित्राबाईंनी हातातलं काम टाकलं.

“अगंबाई, नामदेवभाऊ, अजून एक?” आणि बायकांकडं वळून, “बघा गं, हेच ते सकाळचे.”

बायकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. नामाला वाटलं, फरशी दुभंगावी आणि आपण खाली जावं.

“बाई, अजून नाय, बदली आनलंय. सकालचं चुकून दिलं. त्याला भोक हाय मोठं. ते मना द्या, हे घ्या.”

“भोकाचं काय घेऊन बसलात, आमचे गोपीनाथ शिवतायत ना ते. दुपारपासून बसलेत.” चित्राबाई त्याला हॉलच्या मागच्या दाराशी घेऊन गेल्या. “हे तिकडचेच. इथं एका बिल्डिंगवर वॉचमन आहेत. अर्धं गाव वाहून गेलं त्यांचं, आईचा पत्ता नाही. ट्रकबरोबर तेच जाणार आहेत, आणि ही जाळी त्यांच्याच किनाऱ्यावर वाटायची आहेत. गोपीनाथजी, ये जालवाले हैं.”

दारातल्या उन्हात एक काळासावळा माणूस मांडी घालून बसला होता. वॉचमनची खाकी पँट, वर बनियन. परशुरामचं जाळं त्याच्या मांडीवर पसरलेलं. बांबूची सुई अशी सरसर चालत होती, की बघणाऱ्यानं ओळखावं, हा माणूस वॉचमन पोटासाठी झालाय. नामाला बघून तो उठला आणि वाकून त्याच्या पायाला हात लावला. नामा मागं सरला, पण भिंत होती.

चित्राबाई चहा सांगायला गेल्या.

गोपीनाथ पुन्हा बसला. त्यानं भोक नामाच्या पुढ्यात धरलं. अर्धं शिवून झालं होतं, अर्धं आ वासून होतं.

“मछली फाड़ती है तो ऐसा नहीं फटता,” तो हळू आवाजात म्हणाला. “पत्थर से भी नहीं. ये लोहे का काम है. काट के आदमी निकाला है.”

नामानं खांद्यावरचं जाळं खाली ठेवलं.

“कौन था?”

“भाई,” नामा म्हणाला. “बडा भाई.”

गोपीनाथनं मान हलवली. “हमारे उधर भी ऐसा जाल कोई नहीं छूता. खोलते ही समझ गया था मैं. फिर सोचा, जिसका अपना गया वही हमारा दुख समझेगा. भाई की निशानी घर से निकाल के दे दी. इतना कौन देता है? इसीलिए पैर छुआ.”

नामा त्याच्यासमोर खाली बसला. हा माणूस त्याला देवमाणूस समजत होता. गप्प राहिला असता तर निभावलं असतं, दोन्ही जाळी देऊन मोठ्या मनानं घरीसुद्धा जाता आलं असतं. पण समोरच्या माणसाला स्वतःच्या आईचा पत्ता नव्हता, आणि त्याचे हात परशुरामच्या पायाच्या जागेवरून फिरत होते. नामाच्या आतून इतक्या दिवसांचं दाबलेलं वर आलं.

“नहीं रे बाबा. निशानी बिशानी कुछ नहीं. मेरे को घर में नको था. तुम्हारे गले में डाला. कोई पूछनेवाला नहीं इसलिए डाला.”

सुई थांबली.

“और एक बात है.” नामानं इकडंतिकडं बघितलं. “भाई पानी में था. पैर अटका था. कोयता मेरे बाजू में था. मैंने पैले काटा नहीं. जाल नया था ना. दो दिन पैले लिया था. मेरे को लगा खोल के निकालेगा. खोलने को बैठा मैं. फिर नहीं खुला, फिर काटा.”

हे त्यानं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. जनीला नाही, देवाला नाही. सांगितलं ते एका परक्या माणसाला, मोडक्या हिंदीत, आणि आपल्या भाषेत सांगायचं धाडस आपल्याला झालं नसतं हेही त्याला तेव्हाच कळलं.

गोपीनाथनं चालू होती ती गाठ पुरी केली, धागा दातानं तोडला, जाळं गुंडाळलं आणि नामापुढं सरकवलं.

“जितना हुआ उतना ले जाओ,” तो म्हणाला.

नामानं आणलेलं जाळं त्यानं उचललं, दोन हातभर उलगडून बघितलं आणि ट्रककडं घेऊन गेला. पायाला हात लावला नाही. नामा चहा न घेता निघाला.

तो पाड्यात पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं आणि भरतीचं पाणी तिवरात शिरत होतं. जनी ओट्यावर सुकवलेली मासळी निवडत होती. नामानं जाळं तिच्या पुढ्यात ठेवलं आणि तिथंच पायरीवर टेकला. तिनं हात पुसले, जाळं मांडीवर घेतलं आणि भोक शोधून काढलं.

“हे कोनी शिवलं?”

“तिकडचाच एक हाय. त्यांच्यातला कोली.”

“हात बेस हाय त्याचा. अर्धंच कं सोडलान?”

जनीची बोटं कापलेल्या कडेवरून फिरली. दुपारचा राग तिच्या आवाजात उरला नव्हता, आणि त्यामुळं नामाला जास्तच भीती वाटायला लागली.

“तू गेलास, बदलून आनलंस, बरं केलंस,” ती म्हणाली. “मी लय बोल्ले तुना. पन एक सांगू? रातदिस मी ह्योच इचार करते, की तू व्हतास होडीत म्हून बरं. दुसरा कोन असता तं म्हनला असता, नवं जालं हाय, कापू कसं. तू मागंपुढं बघितलं नाय.”

खाडीकडून वारा आला. पलीकडच्या घरात कोणी मसाला वाटत होतं, त्याचा आवाज येत होता. आता मान हलवली की झालं, एवढंच काम होतं. नामानं मान हलवायचा प्रयत्न केला. ती हलेना.

“बघितलं, वयनी,” तो म्हणाला. “मी पन बघितलं. नवं हाय म्हून आधी सोडवाया गेलो.”

जनीनं वर पाहिलं नाही. तिचा हात जाळ्यात होता तिथंच राहिला.

“किती येल?” तिनं विचारलं.

“येल नाय सांगता येत.”

“सांग.”

“धा-बारा आस सोडवले असतील. मंग कोयता घेतला.”

जाळ्याच्या एकेका चौकोनाला कोळी आस म्हणतात. एक गुंतलेला आस सोडवायला किती वेळ लागतो ते जनीला काही शिकवायला नको होतं. तिचं माहेरही कोळ्याचंच. तिनं जाळ्याची कड हातात धरली, मुद्दाम चुरगाळून गुंतवली, आणि पहिला आस सोडवायला घेतला. तो सुटला तसा दुसरा घेतला. ती घाई करत नव्हती. नामा पायरीवर बसून ती बारापर्यंत पोचायची वाट बघत राहिला.